बारा आण्यांची पाटी

"हा सेक्शन आहे?" उपासनी सरांनी काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "राऊतबाई, हा सेक्शन आहे की थालीपीठ?"

काचपट्टीवर कण्हेरीच्या पानाचा आडवा काप होता. तो दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने कापला होता, मी नव्हे. पण सर विद्यार्थ्यांना काही बोलत नसत, विद्यार्थी फी भरतात. त्या वर्षी मी वनस्पतिशास्त्राच्या विभागात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते आणि मला पगार मिळत असे, तोही तीन महिन्यांतून एकदा. त्यामुळे बोलायला मी सोयीची होते.

"वस्तऱ्यांना धार नाही, सर," मी म्हणाले.

"धार नाही म्हणजे? दिवाळीत श्रीपतीने लावलीय. काय रे श्रीपती?"

"लावली की," प्रयोगशाळेचा शिपाई श्रीपती दारातूनच म्हणाला. "मागल्या पायरीवर घासली चांगली. आमचा घरचा इळा बी मी तिथंच लावतो."

"बघा," सर म्हणाले.

ज्यांनी वनस्पतिशास्त्र केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. त्यासाठी गाजराला चीर देऊन पान त्यात धरतात आणि न्हाव्याकडे असतो तसल्या उघड्या वस्तऱ्याने कापतात. वस्तरा चांगला असेल तर काप इतका पातळ पडतो की पाण्यात तो शोधावा लागतो. विभागात असे चौदा वस्तरे होते, जुने आणि उत्तम पोलादाचे. ते विळ्याच्या पायरीवर घासले गेले होते.

मार्चमध्ये विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरून परीक्षक येणार होते. त्याच्या आदल्या शनिवारी संस्थेकडे सरांचं एक पत्र जायचं होतं: मला कायम करावं की करू नये. चार वर्षं मी त्या पत्राची वाट पाहत होते. त्यामुळे मी सहसा गप्प बसत असे आणि माझ्या गप्प बसण्याला सर शालीनता म्हणत. त्या वेळात मी काय करते हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्या चुका मोजत असे. एका तासाला सरासरी सहा भरत.

"धारेचा दगड घ्यावा लागेल," मी म्हणाले.

"घेऊ. अभ्यास करून घेऊ."

अभ्यास म्हणजे कॅटलॉग. प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानाचं कॅटलॉग सरांनी चार दिवस बगलेत धरून हिंडवलं. त्यात एका पिवळसर परदेशी दगडाचं रंगीत चित्र होतं. सागवानी पेटी, पेटीत दगड, शेजारी तेलाची छोटी बाटली. किंमत अकराशे रुपये. विभागाकडे दोनशे होते.

"दगडासारखा दगड," असं म्हणून सरांनी कॅटलॉग मिटलं आणि लोखंडी सामानाच्या दुकानातून अठ्ठावीस रुपयांचा सुताराचा दगड आणवला. एक बाजू जाड, एक बारीक. पटाशीला चांगला. श्रीपतीने त्यावर दोन दिवस वस्तरे घासले. मी एक वस्तरा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पात्याची कड पाहिली. ती कड नव्हती, करवत होती. एका नजरेच्या टप्प्यात बावीस दाते.

"बघा सर," मी म्हणाले.

सरांनी डोळा लावला. "वा! म्हणजे घासलं गेलंय."

त्या तासाची ती सातवी चूक.

धारेचा दगड कसा निवडायचा, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. पाच वर्षांची असल्यापासून मी ते पाहत होते. माझे वडील, अंबादास राऊत, गावचे न्हावी. आमचं वांगरे हे गाव कॉलेजपासून एसटीने तासाभरावर, आणि कॉलेजात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. राऊत म्हणजे नेमके कुठले, हे सरांनी मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी गावाचं नाव सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा सर "अस्सं, अस्सं" म्हणून थांबले होते. प्रश्न तो नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी मी घरी गेले. अण्णा ओट्यावर धोकटी उघडून बसले होते. कात्र्या एका ओळीत, वस्तरे दुसऱ्या.

"सुताराचा दगड?" त्यांनी विचारलं. "वस्तऱ्याला?"

"हो."

"आणि तुझा साहेब शिकलाय किती?"

"डॉक्टरेट आहे."

"मग बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "कमी शिकला असता तर कुणाला तरी इचारलं असतं."

मी त्यांच्याकडे दगड मागितला. धोकटीच्या तळातून त्यांनी फडक्यात बांधलेली वस्तू काढली आणि मांडीवर ठेवली.

तो दगड म्हणजे माझी पहिलीतली पाटी होती. ती घ्यायला अण्णा मला तालुक्याच्या बाजारात घेऊन गेले होते. दुकानदाराने पाट्यांचा गठ्ठा पुढे केला तर अण्णांनी सगळ्याच खाली मांडल्या. प्रत्येकीवर ते श्वास सोडत आणि धुकं किती वेळात उडतं ते बघत. मग ओला अंगठा फिरवत आणि कान जवळ नेत. जिच्यात वाळूचा कण करकरे ती बाजूला. दुकानदार वैतागून म्हणाला होता, "अवो, पोरीला ग म भ न गिरवायचाय, सोनं कसाला लावायचं न्हाई!" बारा आण्यांची पाटी घ्यायला आम्हाला पाऊण तास लागला. तिसरीत ती माझ्या हातून फुटली, तेव्हा रडले मी आणि हसले अण्णा. मोठा तुकडा त्यांनी लाखेने लाकडी फळीवर बसवला, वर्षभर दुसऱ्या दगडावर घासून आरशासारखा सपाट केला, आणि तेव्हापासून प्रत्येक वस्तरा शेवटी त्याच्यावरून गेला. पाटी माझ्यासाठी घेतली होती की धोकटीसाठी, यावरून आई त्यांना कायम टोचून बोलत असे.

"जत्रा कवा हाय, ठावं हाय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी."

"औंदा अकरा जावळं हायती. लेकरांचं डोस्कं म्हंजी काय, पिकलेल्या चिकवावानी असतंय. हा दगड फिरल्याबिगर मी तिथं वस्तरा टेकवत न्हाई." त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "तुझं काम झालं की आण. आणि यमू, पाणीच लाव. तेलाचा थेंब पडला की हा दगड मेला. आत शिरतंय, मग निघत न्हाई."

"माहीत आहे मला, अण्णा."

"तुला ठावं हाय. त्या डाक्टरला सांग."

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी सामानाच्या खोलीचं दार आतून लावलं आणि चार वस्तरे लावले. फळी डाव्या तळहातावर, पाणी बोटाने, पातं आधी धारेकडून पुढे, मग पाठीवर उलटून मागे. हात अजून विसरला नव्हता. संध्याकाळपर्यंत मुलांचे कण्हेरीचे काप इतके पातळ पडायला लागले की एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा हरवला." तो तिच्यासमोरच्या पाण्यात होता.

सर आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"कुठून आणलात हा दगड?"

"स्लेट आहे, सर. भूगर्भशास्त्रातला नमुना आहे."

स्लेट होती हे खरं. रूपांतरित खडक म्हणून भूगर्भशास्त्रात ती शिकवतात, हेही खरं. बाकीचं सरांनी स्वतः भरून घेतलं.

"म्हणजे त्यांच्या कपाटातला. आणि खर्च?"

"काही नाही, सर."

"काही नाही!" सर खोलीत दोन फेऱ्या मारून आले. "राऊतबाई, हा लेखाचा विषय आहे. 'वस्तऱ्यांसाठी स्वस्त व स्वदेशी धारदगड.' मी लिहितो. तुम्ही मोजमापं द्या. तळटीपेत तुमचे आभार मानू."

मी मोजमापं दिली. कडेवरच्या ओरखड्यांची रुंदी, सुताराच्या दगडाची आणि स्लेटची, प्रत्येकी वीस ठिकाणी. सरांनी सरासरी काढली आणि ती चुकवली. मी गप्प बसले. मला मजा वाटत होती. माझ्या बापाच्या धोकटीतला दगड हा माणूस स्वतःच्या नावाने छापायला निघाला होता आणि त्याला ते कळत नव्हतं. कळत नसलेल्या माणसाकडे बघत राहणं हे तेव्हा माझं एकमेव व्यसन होतं.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सरांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गोल उभं केलं. त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. मी उजव्या बाजूला, मोजमापाचं टेबल पुसत. सरांनी दगड पुढे घेतला, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "श्रीपती, ते सीडरवुड ऑइल आण."

सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाला लावायचं ते तेल. घट्ट, मधासारखं.

"तेल, सायेब?" श्रीपतीने विचारलं. "बाई तर पाणी लावतात."

"बाई लावतात कारण बाईंनी कॅटलॉग पाहिलेलं नाही," सर म्हणाले. मुलं हसली. "परदेशी दगडाशेजारी काय होतं? तेलाची बाटली. उगाच ठेवलेली नसते ती."

श्रीपती कपाटाकडे गेला. कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्याने किल्ली शोधली, दार उघडलं, बाटली काढली, परत आला. एवढ्या वेळात "सर, नको" हे दोन शब्द मला किती वेळा म्हणता आले असते याचा हिशेब मी नंतर केला आहे. तेव्हा मी मनात दुसरंच मोजत होते: आजची ही चौथी. आणि बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: "तुम्हाला हो काय माहीत?"

सरांनी तेल ओतलं. थेंब नव्हे, धार. मग वस्तरा फिरवला. तो दगडावरून नुसता घसरत होता, पकड कसलीच नव्हती.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "किती मऊ चालतो!"

त्या संध्याकाळी मी दगड तेल विरघळवणाऱ्या झायलॉलने धुतला. बुधवारी पुन्हा, गुरुवारी पुन्हा. शेवटी शिकेकाईने. काळा दगड वाळला की कडेने पिवळट चकाकी यायची. नवी पाटी घ्यायला म्हणून बाजारात गेले तर दुकानात पत्र्याच्या पाट्या होत्या. मी ठरवलं, शनिवारी घरी जायचं, तोवर काहीतरी सुचेल. शनिवारीच सरांचं पत्रही जायचं होतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास प्रयोगशाळेच्या दारात अण्णा उभे राहिले. धोतर, कोट, डोक्याला पटका आणि काखेत धोकटी. वहाणा त्यांनी बाहेर काढल्या होत्या.

"काय रे?" सर म्हणाले. अण्णा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. "कोण पाहिजे? इथे कोणाची हजामत आहे?"

"दगड न्यायला आलोय, सायेब. परवा जत्रा हाय."

"कसला दगड?"

अण्णांनी बोट दाखवलं. दगड माझ्यासमोर टेबलावर होता.

"तो?" सर हसले. "तो कॉलेजचा आहे. भूगर्भशास्त्राच्या कपाटातला नमुना आहे तो. विचार या मॅडमना. काय हो राऊतबाई?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत श्रीपती होता आणि तिसऱ्या वर्षाची सहा मुलं होती. मी दगडाकडे बघत होते. म्हणाले, "मी... बघते, सर."

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. त्या दिवशी मोजायचं विसरले.

"चुकलं, सायेब," अण्णा म्हणाले. "तसलाच दिसला. म्हाताऱ्या मानसाची नजर." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "येतो, मॅडम."

जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या.

"कमाल आहे," सर मुलांकडे बघून म्हणाले. "उद्या येऊन म्हणेल, सूक्ष्मदर्शकही माझाच. श्रीपती, यांना वर सोडलं कोणी? वस्तरे मोजून घे बरं. चौदा आहेत ना?"

श्रीपती मोजायला लागला. एक, दोन, तीन. तो नऊवर आला तेव्हा मी दगड फडक्यात बांधला.

"चौदाच आहेत," मी म्हणाले. "दगड त्यांचा आहे, सर. ते माझे वडील."

हे वाक्य मी चार वर्षं घाबरत सांभाळलं होतं. ते बोलल्यावर काय होईल याची सगळी चित्रं मी काढून ठेवली होती: सरांचा चेहरा पडेल, चहाचा कप वेगळा होईल, पत्र बदलेल. सरांचा चेहरा पडला नाही. तो उजळला.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" ते म्हणाले. "आम्ही आपले दगड शोधत हिंडतोय! दर टर्मला चौदाच्या चौदा वस्तरे तुम्हीच घरून लावून आणत जा की. प्रश्नच मिटला."

श्रीपतीने मान खाली घातली. मला एवढंच आठवतं की मी चपला घातल्या आणि धावत सुटले.

एसटी स्टँडवर अण्णा बाकावर बसले होते. धोकटी मांडीवर.

"सांगितलं मी त्यांना," मी धापा टाकत म्हणाले. "तुम्ही माझे वडील म्हणून."

"अगं, कशाला? तुझ्या नोकरीचं काय?" ते घाबरले. "मग? काय म्हनाले?"

"घरून धार लावून आण म्हणाले."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली. "म्हंजी ल्येक डाक्टरच्या शाळंत जाऊन शेवटी आमच्याच धंद्यात आली म्हन!" त्यांनी डोळे पुसले. हसतहसतच फडकं सोडलं.

दगड हातात घेताच ते थांबले. अंगठा फिरवला. नाकाजवळ नेला.

"तेल," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"कुणी वतलं?"

"सरांनी."

"आणि तू कुठं हुतीस?"

"तिथंच होते."

त्यांनी दगड पुन्हा फडक्यात बांधला. रागावले नाहीत. एसटी आली, तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "पोटाला काय खाल्लंस का सकाळपासनं?"

सरांचं पत्र शनिवारी गेलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'विषयाचे ज्ञान चांगले. शिवाय उपकरणांची देखभाल त्यांना जन्मजात अवगत आहे.' मी कायम झाले. पुढे सत्तावीस वर्षं त्याच विभागात होते, शेवटची नऊ प्रमुख म्हणून. सरांच्या निरोप समारंभात मी भाषणही केलं. लोकांना ते आवडलं. त्यात एकही खरं वाक्य नव्हतं.

पण ज्या दिवसाचं मला सांगायचं आहे तो शनिवार नव्हे, रविवार. देवळासमोर मांडव घातला होता. अण्णांनी दोन रात्री दगड राखेने घासला होता, रिठ्याच्या पाण्यात ठेवला होता. काही उपयोग झाला नव्हता. प्रत्येक मूल मांडीवर घेण्याआधी ते वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढत, मग स्वतःच्या तळहातावर, मग मनगटावरच्या केसांवर लावून बघत आणि पुन्हा पट्ट्याकडे वळत. लोकांना घाई होती. वाजंत्री थांबली होती.

पहिल्या मुलाच्या कानामागे लाल रेघ उमटली. त्याच्या आईने हळद दाबली. दुसरं मूल कळवळून रडलं. चौथं सरपंचांचं नातवंड होतं.

"अंबादास," सरपंच सगळ्यांदेखत म्हणाले, "हात म्हातारा झाला रं तुझा. पुढल्या साली वाईचा मानूस आणू आमी."

अण्णांनी वस्तरा पुसला. तीस वर्षांत त्यांनी एकाही लेकराचं रक्त काढलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, मांडवाच्या खांबाशी मी उभी होते तिकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "व्हय, पाटील. झाला असंल म्हातारा."

अकरा जावळं निघाली. सात डोक्यांवर ओरखडे होते. मी मोजले. मी तिथंच होते.